अध्याय १२, श्लोक १९ : अनिकेत आणि नान्सेनचा कागद



बाराव्या अध्यायात आपण एकोणिसाव्या श्लोकापर्यंत पोचलो. भक्ताची लक्षणं चालू आहेत. निंदा आणि स्तुती ज्याला सारखीच वाटते, जो मोजकं बोलतो, मिळेल त्यात समाधानी असतो. आणि मग येतो तो शब्द: अनिकेत. निकेत म्हणजे घर. ते ज्याला नाही तो. इथे माउलींनी काय केलंय ते तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. ह्याला घर नाही असं सांगता सांगता त्यांनी सगळं विश्वच त्या भक्ताच्या नावावर करून टाकलंय.

सुंदरच आहे ते. पण हा श्लोक मी वाचतो तो ईएमआय चालू असलेल्या टू बीएचकेच्या बाल्कनीत बसून, चहा घेत. घराची आसक्ती सोडायची तर आधी सोडायला घर हवं ना? जगात अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांनी काहीच सोडलेलं नाही. त्यांचं घर हिसकावून घेतलं गेलंय, देश गेलाय, आणि आपण कोण हे सांगणारा कागदसुद्धा हातात नाही. त्यांना 'अनिकेत' म्हणून ह्या यादीत बसवणं मला जमत नाही. म्हणून आज शब्दार्थ इथेच थांबवतो आणि एका माणसाचं आयुष्य सांगतो: नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेन.

आधीच सांगून टाकतो, ते धर्मश्रद्ध नव्हते. चर्चपासून ते दूरच राहिले. श्लोकात 'भक्तिमान' हाही शब्द आहे, आणि तो मी त्यांना चिकटवणार नाही. बाकीचे शब्द मात्र त्यांच्या आयुष्याशेजारी ठेवून वाचले की वेगळे दिसतात.

फ्रित्यॉफचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा. आजचं ऑस्लो तेव्हा ख्रिस्तियानिया होतं, आणि त्या शहराच्या कडेला स्टोरे फ्रेन नावाच्या वाडीवर हे कुटुंब राहायचं. वडील वकील, शिस्तीचे. पोरगा मात्र कायम जंगलात, पायात स्की. कॉलेजात त्याने प्राणिशास्त्र घेतलं, बहुतेक उघड्यावर भटकायला मिळेल ह्या हिशेबाने, आणि १८८२ मध्ये सील मारणाऱ्या एका जहाजावरून ग्रीनलंडच्या समुद्रात जाऊन आला. मग बर्गनच्या म्युझियममध्ये नोकरी, आणि काही वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतूंचा अभ्यास. १८८८ मध्ये त्यावर डॉक्टरेट मिळाली, आणि लगेच पठ्ठ्या ग्रीनलंड ओलांडायला निघाला.

ग्रीनलंडच्या मधला बर्फ तोवर कुणी आरपार ओलांडला नव्हता. पश्चिम किनाऱ्यावर वस्ती, पूर्वेला जवळजवळ काही नाही. आधीचे लोक वस्तीकडून निघायचे आणि अडलं की परत फिरायचे. नान्सेननी उलटं केलं. पूर्वेच्या ओसाड किनाऱ्यावर उतरले, म्हणजे मागे फिरायची सोयच नको. बरोबर पाच जण, त्यातले दोघे उत्तरेकडच्या सामी जमातीचे. ऑक्टोबरमध्ये पलीकडे पोचले तेव्हा मायदेशी जाणारं शेवटचं जहाज निघून गेलेलं. मग पुढचा उन्हाळा येईपर्यंत तिथल्या इन्युइट लोकांमध्ये राहिले, त्यांच्याकडून कयाक शिकले, त्यांच्या जगण्यावर पुस्तक लिहिलं. दुसऱ्यांच्या आसऱ्याने एक अख्खा हिवाळा काढलेला हा माणूस आहे, एवढं पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

आता 'फ्राम'. इथे मी थोडा रेंगाळणार आहे. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, पुण्यातल्या अर्ध्या लोकांसारखीच, त्यामुळे असं काही दिसलं की राहवत नाही.

'जॅनेट' नावाचं एक अमेरिकन जहाज १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी त्याच्या वस्तू सापडल्या थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर. म्हणजे ध्रुवावरचा बर्फ स्थिर नाही, तो हळूहळू वाहतोय. नान्सेन म्हणाले, मग बर्फाशी भांडायचं कशाला? असं जहाज बांधू की ते मुद्दाम बर्फात गोठवून घेता येईल. 'फ्राम'चा तळ आणि बाजू त्यांनी गोल ठेवून घेतल्या. बर्फाने आवळलं की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जावं, ओल्या साबणाची वडी मुठीतून निसटते तसं. डेकवर पवनचक्की बसवली आणि तिच्यावर आत विजेचे दिवे. १८९३ मध्ये! फ्राम म्हणजे 'पुढे'. तेरा जण निघाले, जहाज गोठलं, आणि ठरल्याप्रमाणे वाहू लागलं.

पण वाहणं फार संथ होतं. मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि यालमार योहान्सेन कुत्रे, स्लेज, कयाक घेऊन ध्रुवाकडे चालत निघाले. ८६ अंशांच्या पुढे, तोवर कुणी गेलं नव्हतं इतक्या उत्तरेला पोचले, आणि तिथून मागे फिरले. जहाज आता सापडणार नव्हतं. फ्रान्झ जोसेफ लँड ह्या ओसाड बेटांवर दगडांची भिंत आणि वॉलरसच्या कातड्याचं छप्पर अशी एक खोपटी केली आणि त्यात आठ-नऊ महिने काढले, अस्वलाचं मांस खाऊन, एकाच झोपण्याच्या पिशवीत. असं सांगतात की इतके दिवस दोघे एकमेकांना अहो-जाहोच करत होते, आणि नववर्षाच्या आदल्या रात्री नान्सेननी सुचवलं की आता अरे-तुरे करायला हरकत नाही. मला ही गोष्ट फार आवडते. करुणामूर्ती वगैरे म्हणावं असा माणूस नव्हता तो. आखडू होता, स्वतःबद्दल त्याला बराच अभिमानही होता.

जून १८९६ मध्ये त्याच बेटांवर आलेल्या फ्रेडरिक जॅक्सन ह्या इंग्रजाशी अचानक गाठ पडली आणि दोघे वाचले. 'फ्राम'ही त्याच उन्हाळ्यात बर्फातून सुखरूप बाहेर पडलं. तेराच्या तेरा जण घरी आले.

इथे गोष्ट संपली असती तरी नान्सेनचे पुतळे उभे राहिले असते. मधली वर्षं मी भराभर सांगतो. प्राध्यापकी, समुद्रशास्त्र. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला त्यात मोठा वाटा, मग लंडनमध्ये नॉर्वेचे वकील. १९०७ मध्ये पत्नी एवा न्यूमोनियाने गेल्या. त्या गायिका होत्या. १९१३ मध्ये धाकटा मुलगा गेला. मग महायुद्ध.

१९२० मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, नव्याने जन्मलेल्या राष्ट्रसंघाने त्यांच्यापुढे एक काम ठेवलं. युद्ध संपून दीड वर्ष होत आलं होतं तरी लाखो युद्धकैदी घरी पोचले नव्हते. जर्मन, ऑस्ट्रियन, हंगेरियन सैनिक सैबेरियात अडकलेले. रशियन सैनिक जर्मनीत. रशियात क्रांती होऊन यादवी चाललेली, रेल्वे मोडलेली. सोव्हिएत सरकार राष्ट्रसंघाला मानायलाच तयार नव्हतं. नान्सेन नावाच्या माणसाशी मात्र बोलायला तयार झालं. मग त्यांनी स्वतःच्या नावाने बोलणी केली, वेगवेगळ्या सरकारांकडून उसने पैसे उभे केले, बाल्टिक समुद्रात बंदरात पडून असलेली जहाजं मिळवली. ह्या बाजूने रशियन न्यायचे, त्या बाजूने येताना जर्मन-हंगेरियन आणायचे, फेरी रिकामी जाऊ द्यायची नाही. दोन वर्षांत ४,२७,८८६ माणसं घरी पोचली, आणि खर्च चार लाख पौंडांच्या आत. डोक्यामागे एक पौंडसुद्धा नाही.

कैद्यांचं काम चालू असतानाच १९२१ मध्ये व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. नान्सेननी राष्ट्रसंघात उभं राहून रशियातल्या उपाशी लोकांसाठी कर्ज मागितलं. सरकारांनी नाही म्हटलं. कारण सरळ होतं: मदत केली तर बोल्शेविकांची सत्ता टिकेल. इकडे अमेरिकेत धान्य शिल्लक पडलेलं, तिकडे माणसं गवत आणि साली खातायत, हे ते सांगत राहिले. वर्तमानपत्रांनी त्यांना लेनिनच्या हातातलं बाहुलं ठरवलं. सगळ्यात मोठं मदतकार्य शेवटी हर्बर्ट हूवर ह्यांच्या अमेरिकन संस्थेने केलं, हे सांगितलंच पाहिजे. नान्सेन स्वतः दुष्काळी भागात गेले, तिथले फोटो घेऊन आले आणि गावोगाव पडद्यावर ते दाखवत वर्गणी गोळा करत फिरले. १९२२ मध्ये त्यांनाच शांततेचं नोबेल मिळालं. शिव्या देणारी वर्तमानपत्रं आता हार घालू लागली. बक्षिसाचे पैसे त्यांनी मदतकार्यात घातले. निंदा आणि स्तुती एकाच वर्षात अंगावर आली तर माणूस काय करतो, ह्याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं आठवत नाही. त्यांनी पुढच्या मीटिंगची तयारी केली.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

क्रांती आणि यादवीमुळे रशिया सोडून पळालेले लोक दहा लाखांच्या कितीतरी वर होते. नोव्हेंबर १९२० मध्ये जनरल व्रांगेलचं सैन्य क्रिमियातून हरून निघालं तेव्हा एकट्या कॉन्स्टँटिनोपलला सुमारे दीड लाख माणसं जहाजांनी येऊन उतरली. सैनिक होते, तशाच शिक्षिका, डॉक्टर, शेतकरी, लहान मुलंही. १९२१ च्या सप्टेंबरपासून ह्या लोकांची जबाबदारी राष्ट्रसंघाने नान्सेन ह्यांच्यावर टाकली. पदाचं नाव मोठं, हाय कमिशनर. पैसा मात्र फक्त ऑफिस चालवण्यापुरता; मदत वाटायला एक फ्रँकही नाही.

त्याच डिसेंबरमध्ये सोव्हिएत सरकारने हुकूम काढून देशाबाहेर राहिलेल्या अशा बहुतेकांचं नागरिकत्व काढून घेतलं.

ह्याचा अर्थ काय ते माझ्या रोजच्या कामातून सांगतो. आमची टीम लॉगिन सांभाळते. तुम्ही म्हणता मी अमुक आहे. आमची सिस्टिम तुमच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. ती विचारते, तुमच्याबद्दल कोण हमी देतंय? ती हमी देणारा कुणीतरी वर असतो, त्याच्यावर आणखी कुणी, आणि सगळ्यांच्या वर एक मूळ दाखला. तो मूळ दाखला रद्द झाला की खालचे सगळे एका झटक्यात बाद होतात. माणूस तोच, चेहरा तोच, पासवर्डही बरोबर, आणि तरी दार उघडत नाही. १९२१ मध्ये लाखो माणसांचं हेच झालं. जुन्या झारशाहीचा पासपोर्ट म्हणजे आता रद्दी. सीमा ओलांडता येत नाही, आणि आहे त्या देशात राहायचा परवाना नाही. परवाना नाही म्हणून नोकरी नाही, लग्न नोंदवायला गेलं तर कागद नाहीत. अन्नछत्रात पोट भरेल, पण उद्या? तुमच्यापैकी कुणाचं आधार आणि पॅनवरचं स्पेलिंग जुळत नसेल तर त्याने ह्या यातनेचा शंभरावा हिस्सा भोगलेला आहे.

नान्सेन ह्यांनी सरकारांकडे नागरिकत्व मागितलं नाही. ते कुणीच दिलं नसतं. त्यांनी मागितला एक कागद. ५ जुलै १९२२ रोजी जिनिव्हाच्या परिषदेत तो ठरला. एकच पान, मुदत साधारण एक वर्ष. त्यावर नाव, जन्म, वर्णन, आणि ही व्यक्ती मूळची रशियन असून तिने दुसरं नागरिकत्व घेतलेलं नाही, एवढाच मजकूर. देणार तो देश जिथे निर्वासित सध्या आहे. हे प्रमाणपत्र दिल्याने आमच्यावर त्याला कायम ठेवून घ्यायचं बंधन येत नाही, हेही स्पष्ट केलेलं. लोक त्याला नान्सेन पासपोर्ट म्हणू लागले.

सरकारं का कबूल झाली? सगळी दयेपोटी, असं नाही. ज्यांच्याकडे निर्वासितांची गर्दी होती त्यांना वाटत होतं की कागद मिळाला तर ही माणसं पुढे दुसरीकडे जातील. युद्धात तरुण पिढी गमावलेल्या फ्रान्सला कारखान्यांत आणि खाणींत हात हवे होते. नान्सेन हे सगळं ओळखून होते. बर्फाच्या प्रवाहाशी न भांडता त्यावर जहाज टाकणारा हाच तो माणूस. प्रत्येक देशाचा स्वार्थ जिकडे वाहतोय तिकडेच त्यांनी आपला कागद सोडला, आणि तो पन्नासहून जास्त देशांपर्यंत पोचला.

कागदात उणिवा होत्या. एकदा देश सोडला की परत येण्याचा हक्क सुरुवातीला नव्हता. तो परतीचा व्हिसा १९२६ च्या करारात आला. दर वर्षी नूतनीकरण, दर वेळी ऑफिसची पायरी. व्लादिमीर नाबोकोव्ह हे लेखक हाच कागद बाळगून होते आणि त्यांनी पुढे त्याबद्दल कडवटपणेच लिहिलंय. ते मला अगदी समजू शकतं. खिडकीपलीकडचा कारकून ज्या नजरेने असा कागद उलटून बघतो, ती नजर कुठल्याही करारात लिहिलेली नसते. पण स्ट्राविन्स्की, रखमानिनॉव्ह, चित्रकार शगाल ह्यांनी ह्याच कागदावर आयुष्यं पुन्हा उभी केली, आणि ज्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत अशा गवंडी, शिंपिणी, टॅक्सीवाल्यांनीही. सुमारे साडेचार लाख असे पासपोर्ट दिले गेले असं मानतात. १९२४ मध्ये तो आर्मेनियन लोकांना मिळू लागला, १९२८ मध्ये असिरियन आणि आणखी काही समूहांना.

१९२५ पासून काही वर्षं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हे काम पुढे नेलं: कुठल्या गावी कसली माणसं बेकार आहेत आणि कुठल्या देशात कसल्या कामाला माणसं हवीत, ह्याच्या जोड्या लावायच्या. मग पैशाचा प्रश्न. त्यासाठी एक तिकीट निघालं, नान्सेन तिकीट, किंमत पाच सोन्याचे फ्रँक. ज्याला परवडतं त्याने पासपोर्ट घेताना किंवा वाढवताना हे तिकीट लावायचं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला माफ. जमलेला पैसा निर्वासितांच्याच मदतीला, त्यात स्वतःच्या पायावर उभं राहायला दिलेली छोटी कर्जंही. म्हणजे आधी सावरलेला निर्वासित मागून येणाऱ्याचं भाडं भरतोय. तिकिटावर चेहरा नान्सेन ह्यांचा.

ह्यानंतरचा भाग सांगायला मला जड जातो, पण तो गाळून चरित्र सांगणं बरोबर नाही.

सप्टेंबर १९२२ मध्ये स्मर्ना शहर जळालं आणि आजच्या तुर्कस्तानातून ग्रीक लोकांचे लोंढे ग्रीसकडे निघाले. पन्नास-पंचावन्न लाखांच्या देशात दहा लाखांहून अधिक माणसं. नान्सेन मध्यस्थीला गेले आणि त्यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा मार्ग पुढे मांडला. ३० जानेवारी १९२३ ला लोझानमध्ये करार झाला. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला, आणि तेही सक्तीने. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. एकूण बारा लाखांच्या आसपास एका बाजूला, साडेतीन-चार लाख दुसऱ्या बाजूला.

कोण ग्रीक आणि कोण तुर्क हे ठरवायची कसोटी काय होती? फक्त धर्म. कारामान भागातले ख्रिस्ती पिढ्यान् पिढ्या घरात तुर्की बोलत, प्रार्थनाही तुर्कीत करत. त्यांना ग्रीसला पाठवलं, जिथली भाषा त्यांना येत नव्हती. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत, त्यांना तुर्कस्तानला. देवाला कुठल्या नावाने हाक मारता एवढ्यावरून कुठे राहायचं हे ठरलं. माझ्या कॉलेजच्या रूममेटचे आजी-आजोबा सिंधमधून उल्हासनगरच्या कँपात आलेले, त्यामुळे ह्या कराराबद्दल वाचताना मला सारखी त्या घरातली भिंतीवरची झुलेलालची तसबीर दिसत राहते. बाकी सगळं मागे टाकून ती तेवढी त्यांनी आणली होती.

नान्सेन ह्यांची बाजू अशी की बहुतेक लोक आधीच पळालेले होते, राहिलेल्यांची कत्तल होण्याची भीती होती, आणि घरंदारं रिकामी झाली तरच आलेल्यांना छप्पर मिळणार होतं. हे खरं आहे. त्यांनी पश्चिम थ्रेसमध्ये निर्वासितांच्या वस्त्या वसवून दाखवल्या, भिक्षा घालण्यापेक्षा बियाणं आणि अवजारं दिली तर माणसं स्वतःचं पोट भरतात हे सिद्ध केलं, आणि त्याच धर्तीवर पुढे राष्ट्रसंघाच्या मदतीने ग्रीसला मोठं कर्ज मिळालं. ग्रीसमध्ये त्यांतून गावंच्या गावं उभी राहिली. तरीही लाखो माणसांना न विचारता त्यांचं गाव बदलणाऱ्या करारामागे ह्याच माणसाचा शब्द होता. सीमेवर अडकलेल्याला पुढे जायचा कागद मिळवून देणारा हात आणि हा हात एकच. मी ह्या दोन गोष्टी जुळवून टाकायचा प्रयत्न सोडून दिला आहे.

शेवटची काही वर्षं आर्मेनियन लोकांची. पहिल्या महायुद्धात ओटोमन साम्राज्यात त्यांचा संहार झाला. वाचलेले सीरिया, लेबनॉन, ग्रीसमध्ये विखुरले. १९२५ मध्ये नान्सेन सोव्हिएत आर्मेनियात जाऊन आले. बरोबर व्हिडकुन क्विस्लिंग नावाचा हुशार तरुण नॉर्वेजियन अधिकारी होता, ज्याने आधी युक्रेनच्या दुष्काळातही त्यांच्या हाताखाली चांगलं काम केलेलं. (पुढे हिटलरला सामील होऊन त्याने देश विकला, आणि युरोपात त्याचं आडनाव म्हणजेच 'देशद्रोही' असा शब्द झाला. एकाच गुरूच्या हाताखाली राहून माणूस कुठे जाईल काही सांगता येत नाही.) नान्सेन ह्यांनी कालवे काढून पडीक जमीन भिजवायची, तिथे हजारो आर्मेनियन कुटुंबं वसवायची अशी योजना आखली. नकाशे, खर्च, सगळं तयार. आणि मग वर्षामागून वर्ष राष्ट्रसंघापुढे पैसे मागितले. ज्या बड्या देशांनी युद्धात आर्मेनियनांना मोठी वचनं दिली होती, त्यांनीच पाठ फिरवली. योजना बारगळली. ह्याचा त्यांनी फार त्रास करून घेतला. प्रवासावर पुस्तक लिहिलं, भाषणं देत फिरले, हृदय थकलेलं असतानाही. काही हजार लोक आर्मेनियात वसले, सीरिया-लेबनॉनमध्ये त्यांच्या कार्यालयाने आणखी पुष्कळांना घरं मिळवून दिली, पण ज्या कालव्यांचं स्वप्न पाहिलं ते त्यांच्या हातून झालं नाही.

ह्या सगळ्या भटक्या माणसाचं स्वतःचं घर मात्र होतं, आणि चांगलं प्रशस्त होतं. ऑस्लोजवळ लिसाकरला, पोलहोग्दा नावाचं, मनोऱ्यात अभ्यासाची खोली असलेलं. मुलांच्या वाट्याला ते त्या घरात कमीच आले. १३ मे १९३० रोजी तिथल्याच व्हरांड्यात बसलेले असताना ते गेले. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस, त्या दिवशी अंत्ययात्रा निघाली. धार्मिक विधी नव्हता, भाषणं नव्हती. शूबर्टचं एक गाणं वाजवलं गेलं, जे एवा गात असत. अस्थी अंगणातल्या झाडाखाली ठेवल्या.

ते गेल्यावर राष्ट्रसंघाने त्यांच्या नावाने निर्वासितांसाठी एक कार्यालय चालू ठेवलं. १९३३ नंतर जर्मनीतून ज्यू निघू लागले तेव्हा त्याची ताकद अपुरी पडली. १९३८ चं शांततेचं नोबेल ह्या कार्यालयाला मिळालं, आणि त्याच सुमारास ते बंद झालं. पाच फ्रँकचं तिकीट लावलेले कागद मात्र त्यानंतरही पुष्कळ घरांच्या कपाटांत जपून ठेवलेले होते.

उद्या विसावा श्लोक, बाराव्या अध्यायाचा शेवटचा. सवडीने आजचा श्लोक एकदा मोठ्याने म्हणून ठेवा.

राम कृष्ण हरी.